झटपट फ्लाइट इन्स्ट्रक्टर कोर्स कसा निवडावा: कोल्हापुरातून निघणाऱ्यांसाठी

हातात सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) आहे, लॉगबुकात दोनशे-अडीचशे तास आहेत, एअरलाइनची भरती कधी निघेल याचा पत्ता नाही आणि मोबाईलवर सारखी एकच जाहिरात येते: '१४ दिवसांत फ्लाइट इन्स्ट्रक्टर बना'. घरी जेवायला बसलं की वडील विचारतात, "मग आता पुढं काय?" तुमचं असं चाललं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ज्यांचं अजून बारावीचं फिजिक्स-मॅथ्स सुरू आहे त्यांनी वाचून बाजूला ठेवला तरी चालेल, तीन वर्षांनी कामाला येईल.

१४ दिवसांत होतं का? होतं. अमेरिकेत इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेटसाठी एफएएनं (तिथल्या विमान नियामकानं) प्रशिक्षणाच्या तासांचा किमान आकडाच ठेवलेला नाही. तयारी पटली की इन्स्ट्रक्टर लॉगबुकात सही करतो आणि तुम्ही परीक्षेला बसता. त्यामुळं दोन आठवड्यांचा कोर्स कायद्यात बसतो, आणि लोक त्यातून पासही होतात. पण पास होणारा माणूस तिथं पोचायच्या आधीच बराचसा तयार असतो. त्या दोन आठवड्यांत त्याच्या तयारीवर शेवटचा हात फिरतो, उजव्या, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या सीटवर हात बसतो आणि परीक्षकापुढं उभं राहायची सवय लागते. म्हणून शाळा पारखायची माझी एकच कसोटी आहे: येण्याआधी काय काय करून या, हे ती किती बारकाईनं सांगते? "काही नको, फक्त पासपोर्ट आणि पैसे घेऊन या" असं म्हणणाऱ्या शाळेपासून चार हात लांब राहा.

पहिली पायरी: शिकवणार कुठं ते आधी ठरवा

हे झटपट कोर्स अमेरिकेत एवढे का बोकाळले ते समजून घेतलं की निम्मा गोंधळ मिटतो. फेब्रुवारी २००९मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान स्टॉल होऊन (पंखाची उचल जाऊन) पडलं. त्यानंतर तिथल्या संसदेनं कायदा केला आणि २०१३पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही एटीपी (एअरलाइन पायलटचं) सर्टिफिकेट, म्हणजे सर्वसाधारणपणे १५०० तास, लागू लागले. विमानशास्त्राची पदवी किंवा लष्करी अनुभव असेल तर थोडी सवलत मिळते. आता अडीचशे तासांचा पोरगा १५०० पर्यंत जाणार कसा? स्वतःच्या पैशानं तर नाहीच. मग तो इन्स्ट्रक्टर होतो, पगार घेतो आणि तास जमवतो. तिथं इन्स्ट्रक्टरकी ही बहुतेकांसाठी एअरलाइनच्या वाटेवरची धर्मशाळा आहे. लवकर आत शिरायचं आणि लवकर बाहेर पडायचं, म्हणून कोर्सही झटपट.

आपल्याकडं गणित वेगळं आहे. भारतात सीपीएल, मल्टी-इंजिन इन्स्ट्रुमेंट रेटिंग (एकाहून जास्त इंजिनांचं विमान उपकरणांवर उडवण्याची परवानगी) आणि टाइप रेटिंग (ठरावीक मॉडेलची परवानगी) यांवर को-पायलट म्हणून घेतात. १५०० तास लागतात ते पुढं एटीपीएल या एअरलाइन पायलटच्या वरच्या लायसन्सला. त्यामुळं "तास वाढले की इंडिगो आपोआप बोलावेल" या हिशोबानं अमेरिकेत जाऊन सीएफआय (तिथल्या इन्स्ट्रक्टरचं सर्टिफिकेट) करून परत येणार असाल तर पैशाचं आणि वेळेचं गणित सहसा जुळत नाही. शिवाय अमेरिकेचं सर्टिफिकेट खिशात असलं तरी भारतातल्या विद्यार्थ्याला शिकवायला डीजीसीएचंच (आपल्या विमान नियामकाचंच) रेटिंग लागतं.

मग अमेरिकेचा झटपट कोर्स कुणाला परवडतो? जे आधीच तिथं शिकतायत आणि ज्यांच्याकडं एफएएचं कमर्शियल व इन्स्ट्रुमेंट रेटिंग आहे त्यांना. ज्यांच्याकडं ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व आहे त्यांना. आणि ज्यांना खरोखर शिकवायची आवड आहे, ज्यांना त्याच धंद्यात राहायचंय, त्यांना. या तिघांत बसत नसाल तर खालची बेळगाव-बारामतीची पायरी आधी वाचा.

इथं एक ठेच लागते ती सांगून ठेवतो. अमेरिकेत सीएफआय म्हणजे सर्टिफाइड फ्लाइट इन्स्ट्रक्टर, साधा इन्स्ट्रक्टर. भारतात सीएफआय म्हणजे चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टर, अख्ख्या शाळेच्या उड्डाणांचा प्रमुख. बायोडेटात नुसतं 'सीएफआय' लिहून इथल्या एखाद्या शाळेत गेलात तर समोरचा चष्म्यावरून बघेल.

दुसरी पायरी: कागद तपासा

एफएएचं इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेट मिळवायला वय किमान १८, एफएएचं कमर्शियल सर्टिफिकेट, त्यावर इन्स्ट्रुमेंट रेटिंग, दोन लेखी परीक्षा, स्पिनच्या (स्टॉल होऊन विमान गरगरत खाली येण्याच्या) प्रशिक्षणाची सही आणि शेवटी तोंडी अधिक उड्डाण परीक्षा, असा सगळा मामला आहे. लेखीतली एक परीक्षा शिकवण्याच्या शास्त्रावर, दुसरी विमानविद्येवर. दोन्हीला ७० टक्के लागतात आणि निकाल २४ महिने चालतो.

ज्यांच्याकडं फक्त डीजीसीएचं सीपीएल आहे त्यांनी इथं थांबून नीट वाचावं. परदेशी लायसन्सच्या आधारावर एफएए जे सर्टिफिकेट देते ते प्रायव्हेट पायलटचं असतं. कमर्शियल परीक्षा तिथं पुन्हा द्यावीच लागते, आणि पार्ट ६१ या तिथल्या नियमांखाली त्यासाठी २५० तास लागतात. आपल्याकडं सीपीएल २०० तासांवर मिळतं. म्हणजे वरचे पन्नास तास, इन्स्ट्रुमेंटची परीक्षा, कमर्शियलची परीक्षा, आणि त्यानंतर कुठं तो १४ दिवसांचा कोर्स सुरू होणार. जाहिरातीत हे बारीक अक्षरातही नसतं. कोल्हापुरातून डीजीसीए सीपीएलवर सरळ जाऊन महिन्यात सीएफआय होऊन येतो असं कुणी एजंट सांगत असेल तर त्याला ही पन्नास तासांची गोष्ट विचारा आणि गप्प बसून उत्तर ऐका.

तिसरी पायरी: व्हिसा

पर्यटक व्हिसावर जाऊन उड्डाणाचं प्रशिक्षण घेता येत नाही. व्यावसायिक प्रशिक्षणासाठी एम-१ व्हिसा, आणि तो मिळायला शाळेनं आय-२० नावाचा कागद द्यावा लागतो. आय-२० देण्याची परवानगी प्रत्येक शाळेला नसते. खरं सांगायचं तर सगळ्यात नावाजलेले झटपट कोर्स पुष्कळदा दोन विमानं आणि तीन इन्स्ट्रक्टरांच्या लहान शाळांतच चालतात, आणि त्यांच्याकडं ही परवानगी असेलच असं नाही. म्हणून पहिला ईमेल हाच: "तुम्ही या कोर्ससाठी एम-१चा आय-२० देता का?" उत्तर 'नाही' असं आलं तर पुढचे वीस प्रश्न विचारायचे वाचतात.

एम-१चे दोन-तीन नियम भल्याभल्यांना माहीत नसतात. शिकायला म्हणून गेलात की मधेच अभ्यासक्रम बदलता येत नाही. सहा महिने झाल्यावर शाळाही बदलता येत नाही, फक्त तुमच्या हाताबाहेरच्या कारणानंच बदलता येते. शिकत असताना नोकरी नाही. कोर्स झाल्यावर सरावासाठी म्हणून काम करता येतं, तेही दर चार महिन्यांच्या शिक्षणामागं एक महिना आणि जास्तीत जास्त सहा महिने, वेगळी परवानगी काढून. एफ-१ या दुसऱ्या विद्यार्थी व्हिसावर हाच काळ बारा महिन्यांचा असतो, पण एफ-१ देणाऱ्या उड्डाणशाळा कमी, बहुतेक कॉलेजांशी जोडलेल्या. त्यामुळं प्रायव्हेटपासून सुरुवात करायला निघालेल्यांनी आय-२०वर सुरुवातीलाच इन्स्ट्रक्टर कोर्सही लिहून घ्यावा. "नंतर बघू" म्हणून सोडलं की नंतर बघता येत नाही.

मुलाखत मुंबईत बीकेसीला. आदल्या रात्री महालक्ष्मीनं निघालं की सकाळी पोचता, पण बोटांचे ठसे आधीच्या दिवशी दुसऱ्या केंद्रावर द्यावे लागतात, तेव्हा दोन दिवसांची सोय करून जा.

चौथी पायरी: बेळगाव, बारामती हा पर्याय डोळ्याआड करू नका

आपल्याकडं उजळाईवाडीचा विमानतळ १९३९चा. राजाराम महाराजांनी बांधला तेव्हा देशातल्या कितीतरी मोठ्या शहरांत धावपट्टी नव्हती. नवं टर्मिनल मार्च २०२४मध्ये सुरू झालं. पण प्रशिक्षणासाठी कोल्हापूरकरांच्या हाताशी खरे तळ म्हणजे बेळगाव आणि बारामती. निपाणी, संकेश्वर ओलांडलं की दोन-अडीच तासांत बेळगाव येतं. विमानतळ प्राधिकरणानं २०२१मध्ये उड्डाणशाळांसाठी जे विमानतळ निवडले त्यात बेळगाव होतं आणि आपल्या राज्यातलं जळगावही. विदर्भाकडं गोंदिया आहे.

भारतातली वाट दोन टप्प्यांची. आधी एएफआयआर म्हणजे सहायक इन्स्ट्रक्टरचं रेटिंग, मग काही काळ शिकवून झाल्यावर एफआयआर. सहायक इन्स्ट्रक्टर वरिष्ठाच्या देखरेखीखाली शिकवतो आणि विद्यार्थ्याला पहिल्या सोलोवर, म्हणजे एकट्यानं उडायला, पाठवण्याचा अधिकार त्याला नसतो. पात्रतेचे तास आणि परीक्षेचे नियम डीजीसीएच्या संकेतस्थळावरच्या चालू सीएआरमधून (नियमावलीतून) स्वतः वाचा. शाळेच्या माहितीपत्रकावर जाऊ नका, कारण नियम बदलतात आणि माहितीपत्रक छापलेलं तसंच राहतं.

इथं 'झटपट' हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. कोर्सचा कालावधी कागदावर कमी असला तरी विमान, इन्स्ट्रक्टर, परीक्षक आणि ढग यांची गाठ पडावी लागते. बेळगावला पावसाळ्यात ढग खाली उतरले की दिवसच्या दिवस विमान हँगरात. बारामती पर्जन्यछायेत आहे, तिथं जून-जुलैतही बऱ्यापैकी उडता येतं. शाळा पारखताना डीजीसीएनं दिलेली श्रेणी बघा. २०२५पासून उड्डाणशाळांना श्रेणी द्यायला सुरुवात झाली आहे. अपघातांच्या बातम्याही बघा. ऑक्टोबर २०२३मध्ये बारामती परिसरात आठवड्याच्या आत दोन प्रशिक्षण विमानं पडली आणि डीजीसीएनं त्या संस्थेचं प्रशिक्षण सगळ्याच तळांवर थांबवलं. त्या काळात तिथं फी भरून बसलेल्या पोरांचं काय झालं असेल याचा विचार करा आणि आपली फी हप्त्यांत भरा.

भारतात राहून शिकवायचं, घरापासून दोन तासांवर राहायचं आणि भरती निघाली की अर्ज टाकायचा, असं ज्यांच्या मनात आहे त्यांना मी हीच वाट सुचवीन. पुढचा मजकूर दोन्ही वाटांना लागू होतो, पण तपशील अमेरिकेचे आहेत.

पाचवी पायरी: खरा कोर्स कोल्हापुरात करा

ही सगळ्यात मोठी पायरी, आणि सगळ्यात स्वस्त.

झटपट कोर्समध्ये माणसं अडकतात ती बहुतेक जमिनीवर. उड्डाण तर कमर्शियलला केलेलंच असतं. पण पहिल्यांदाच इन्स्ट्रक्टर होणाऱ्याची तोंडी परीक्षा पाच-सहा तास चालू शकते, आणि तिथं परीक्षक तुम्हाला प्रश्न विचारत नाही, तो विद्यार्थी होऊन समोर बसतो. "मला स्टॉल शिकवा," म्हणतो. तुम्हाला येतं ते त्याच्या डोक्यात उतरवायचं असतं. हे कौशल्य एका रात्रीत येत नाही आणि अमेरिकेत तासाला डॉलर मोजत ते कमावण्यात काही शहाणपण नाही.

एफएएची इन्स्ट्रक्टरसाठीची हँडबुकं आणि परीक्षेचे निकष एफएएच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. निकष बघताना जुनी पीडीएफ घेऊ नका: मे २०२४च्या अखेरीपासून इन्स्ट्रक्टर परीक्षेला पीटीएस या जुन्या निकषांऐवजी एसीएस हे नवे निकष लागू झाले. त्यातला प्रत्येक विषय घ्या आणि स्वतःच्या हातानं पाठ-योजना लिहा. बाजारात तयार बाइंडर मिळतात, पानं सुंदर रंगीत असतात. विकत घ्यायला हरकत नाही, पण परीक्षकापुढं दुसऱ्याची योजना उघडली की तिसऱ्या प्रश्नाला कळतं.

मग एक फळा गाठा. राजारामपुरीतली एखादी अभ्यासिका रिकामी असेल तेव्हा तिथला व्हाइटबोर्ड मिळतो का बघा, नाहीतर घरातलं कपाट आणि मार्करही चालतो. समोर बी.कॉम. करणारा चुलतभाऊ बसवा. त्याला विमानातलं काही कळत नाही हाच त्याचा गुण. त्याला आधी मराठीत शिकवा, मग तोच पाठ इंग्रजीत. मराठीत अडलात तर समजा की तुम्हालाच कळलेलं नाही, पाठ झालंय एवढंच.

तो पहिला प्रश्न काय विचारेल ते मी आत्ताच सांगतो: "दादा, स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं ना?" वर्तमानपत्रांतही तसंच छापून येतं. इथं तुमची परीक्षा. इंजिन ठणठणीत चालू असतानाही पंख स्टॉल होतो. पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन एका मर्यादेपुढं गेला की पंखावरची हवा सुटते आणि उचल कोसळते. ती मर्यादा कोनाची आहे, वेगाची नाही, म्हणून स्टॉल कुठल्याही वेगाला आणि नाक कुठंही असताना होऊ शकतो. भाऊ म्हणेल, "मग तो स्टॉल स्पीडचा आकडा कशाला?" आता तुम्ही त्याला लोड फॅक्टरवर नेता: उंची राखून ६० अंश कलून वळण घेतलं की विमानावर दुप्पट भार येतो, आणि स्टॉलचा वेग दोनच्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणजे सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. सरळ उडताना ५० नॉटला स्टॉल होणारं विमान आता ७० नॉटलाच सुटतं. फळ्यावर आकृती, हातात छोटं मॉडेल, आणि भावाच्या चेहऱ्यावर "अच्छा" दिसेपर्यंत थांबायचं नाही. असे वीस-पंचवीस पाठ त्याच्यावर काढलेत की अमेरिकेतल्या परीक्षकाची भीती बरीच कमी होते. भावाला चहा-वडापाव तुमच्याकडून.

शिकवण्याच्या शास्त्राची लेखी परीक्षा पोरं सगळ्यात हलक्यात घेतात. शिकण्याचे नियम, पाठांतरापासून आकलन आणि वापरापर्यंतचे टप्पे, विद्यार्थी घाबरला की कसा वागतो, हे सगळं पाठ करून पास होता येतं. पण परीक्षक तिथंच खोदतो: "तुमचा विद्यार्थी प्रत्येक चुकीला वाऱ्याला दोष देतो. हे काय आहे आणि तुम्ही काय कराल?" आपल्याकडं तालमीत म्हणतात, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. उड्डाणात राखून ठेवलेला डाव विद्यार्थ्याच्या जिवावर बेततो, म्हणून इथं तुम्हाला स्वतःला येतं ते सगळं, आणि चुका कशा होतात तेही, उघडं करून दाखवावं लागतं. एसीएसमधल्या जवळजवळ प्रत्येक उड्डाण-विषयात 'विद्यार्थ्याच्या नेहमीच्या चुका' येतातच. त्यांची वेगळी वही करा.

उजव्या सीटचा सरावही घरातून सुरू होतो. डाव्या सीटवर आजवर डावा हात योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर), उजवा थ्रॉटलवर (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर) होता. उजवीकडं गेलात की सगळं उलटं: योक उजव्या हातात, थ्रॉटल डाव्या हातात. फ्लेअर करताना, म्हणजे उतरताना शेवटी नाक उचलताना, सवयीनं चुकीचा हात ओढला जातो आणि विमान उसळतं. वेगदर्शक समोर नसून तिरका दिसतो, त्यामुळं काटा एक-दोन नॉट इकडंतिकडं वाचला जातो. घरात खुर्ची मांडा, डावीकडं थ्रॉटल समजून एखादं लाटणं धरा आणि तोंडानं बोलत अख्खी फेरी मारा. आई विचारेल काय चाललंय, सांगा अभ्यास. जवळच्या शाळेत उजव्या सीटवर इन्स्ट्रक्टरबरोबर थोडे तास उडता आले तर सोन्याहून पिवळं.

सहावी पायरी: शाळेला विचारायचे प्रश्न

फ्लोरिडा आपल्यापेक्षा साडेनऊ-साडेदहा तास मागं आहे, अ‍ॅरिझोना वर्षभर साडेबारा. संध्याकाळी आठनंतर फोन लावा. ईमेलवर गोड उत्तरं येतात, फोनवर खरी.

पहिला प्रश्न: स्पिन कोणत्या विमानात करून घेता? हा माझा लाडका प्रश्न आहे, कारण उत्तरावरून शाळा कळते. इन्स्ट्रक्टर व्हायला स्पिनमध्ये जाणं आणि बाहेर येणं प्रत्यक्ष विमानात करावं लागतं. पण पायपर आर्चर किंवा डायमंड डीए-४० या लोकप्रिय प्रशिक्षण विमानांना स्पिनची परवानगीच नाही. सेसना १७२ला आहे, पण युटिलिटी कॅटेगरीत, म्हणजे वजन आणि गुरुत्वमध्य ठरलेल्या मर्यादेत असेल तरच. दोन धिप्पाड माणसं आणि भरलेल्या टाक्या असल्या की बसत नाही. म्हणून चांगल्या शाळा सिटाब्रिया किंवा सेसना १५० एरोबॅटसारखं विमान ठेवतात. ज्या शाळेकडं फक्त आर्चर आहेत आणि ती "स्पिनचं आम्ही बघतो" एवढंच म्हणते, तिला पुढं विचारा: कुठं, कुणाबरोबर, वेगळे पैसे किती? स्पिनमधून बाहेर येण्याचा क्रम तुम्हाला झोपेतून उठवून विचारला तरी यायला हवा: पॉवर आयडल (अगदी कमी), एलरॉन (पंखाच्या झडपा) सरळ, फिरण्याच्या उलट पूर्ण रडर (शेपटीचं सुकाणू), मग योक पुढं; फिरणं थांबलं की रडर सरळ आणि हळूहळू वर. शाळेनं हे तुमच्याकडून एकदाच करून घेऊन सही ठोकली तर ती सही कायदेशीर असेल, पण पुढं तुम्हीच घाबरत शिकवणार.

दुसरा: माझ्या परीक्षेसाठी सही कोण करणार? पहिल्यांदाच इन्स्ट्रक्टर होणाऱ्याला शिकवणाऱ्यासाठी एफएएची वेगळी अट आहे. सरधोपट वाट अशी की त्याच्याकडं इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेट किमान २४ महिने असावं आणि त्यानं किमान २०० तास शिकवलेलं असावं. काही शाळांत कालच पास झालेला पोरगा आज तुम्हाला शिकवतो आणि शेवटच्या दिवशी मालक येऊन सही करतो. नाव विचारा, किती जणांना त्यानं परीक्षेला पाठवलं ते विचारा, आणि त्याच्या हाताखाली एका वेळी किती विद्यार्थी असतात तेही. दोघांपर्यंत ठीक. चौघं असले की तुम्ही अर्धा दिवस मागं बसून बघत राहणार.

तिसरा: परीक्षकाची तारीख कोर्सबरोबर मिळते का? इथं झटपट कोर्सची खरी नाडी आहे. एफएएनं नेमलेल्या परीक्षकांची चणचण आहे, तारखेसाठी आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं. कोर्स १४व्या दिवशी संपला आणि परीक्षक ४०व्या दिवशी मिळाला तर मधले दिवस भाडं, जेवण आणि उडण्याची धार टिकवायला पुन्हा विमान, सगळं तुमच्या खिशातून. "आम्ही प्रयत्न करतो" हे उत्तर नव्हे. परीक्षकाचं शुल्क परीक्षकच ठरवतो, तेही विचारून घ्या. एफएएच्या सरकारी निरीक्षकानं परीक्षा घेतली तर शुल्क नसतं, पण निरीक्षक मोकळा असायला हवा.

चौथा प्रश्न विमानांचा: एकाच प्रकारची किती विमानं, आणि मेकॅनिक तळावरच आहे का? एकुलत्या एका विमानाची दर शंभर तासांच्या उड्डाणानंतरची तपासणी कोर्सच्या मधोमध आली की कोर्स झटपट राहत नाही.

शेवटी, पहिल्या प्रयत्नात पास न झालेल्या कुणाशी तरी बोलायला द्या म्हणावं. पास झालेल्यांचे फोटो भिंतीवर असतातच. नापास झालेला सांगतो की शाळेनं नंतर फोन उचलला की नाही. नापास होणं हा जगाचा अंत नव्हे; ६० दिवसांच्या आत पुन्हा बसलात तर आधी जमलेले भाग धरले जाऊ शकतात. मात्र ते नोंदीत राहतं आणि एअरलाइनच्या मुलाखतीत विचारतात. त्यामुळं "तयार नाही, दोन दिवस वाढवू" म्हणणारा इन्स्ट्रक्टर हा चांगला इन्स्ट्रक्टर. तारीख गाठायची म्हणून अर्ध्या तयारीवर ढकलणारा नको.

सातवी पायरी: पॅकेज आणि पैसा

'सीएफआय, सीएफआय-आय आणि एमईआय एकत्र' असं पॅकेज विकतात: एक इंजिनाचं, इन्स्ट्रुमेंटचं आणि दोन इंजिनांचं. माझं मत स्पष्ट आहे: पहिलं घ्या, जमल्यास लगेच दुसरं. इन्स्ट्रुमेंटचं शिकवता येणारा इन्स्ट्रक्टर शाळेला हवाच असतो. दोन इंजिनांच्या विमानाचे तास महाग, परीक्षेला बसायलाच त्या वर्गात किमान १५ तास पायलट-इन-कमांड लागतात, आणि पुढं शिकवायचं तर त्याच मॉडेलवर पाच तास. नोकरी देणारी शाळा मल्टी-इंजिन शिकवायला लावणार असेल तेव्हा करा.

ठरावीक रकमेचं पॅकेज आणि तासावारी यात मी तासावारी पसंत करतो, अट एकच: जमिनीवरच्या शिकवणीचे पैसेही तासानं लागतात का ते लेखी घ्या. पॅकेज असेल तर त्यात काय नाही ते विचारा. परीक्षकाचं शुल्क, परीक्षेच्या दिवशीचं विमान, स्पिनचं विमान, नापास झाल्यास पुन्हा शिकवणी, राहणं, यांतलं निम्मं सहसा बाहेर असतं. सगळी फी आगाऊ भरली तर पाच टक्के सूट, असं आमिष येईल. घेऊ नका. उड्डाणशाळा बंद पडतात, इथंही आणि तिथंही, आणि रान गहाण टाकून भरलेले पैसे दिवाळखोरीच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभे राहतात. आणि कोर्स १४ दिवसांचा असला तरी राहणं आणि परतीचं तिकीट निदान महिनाभराचं धरून चाला.

हंगाम: फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी गडगडाट ठरलेला, म्हणजे उडायला सकाळच मिळते. अ‍ॅरिझोनात आकाश मोकळं, पण उन्हाळ्यात हवा एवढी तापते की विरळ हवेत लहान विमान चढायला कुरकुरतं. उत्तरेकडं हिवाळ्यात ढग आणि बर्फ. झटपट कोर्ससाठी अ‍ॅरिझोनाचा हिवाळा किंवा फ्लोरिडातला नोव्हेंबर ते एप्रिल निवडा. आठवडाभर आधी पोचा. झोपेचं घड्याळ लागलेलं नसताना पहिल्याच दिवशी लेझी-एट (चढत-उतरत घ्यायची वळणं) करायला बसलात तर पोट आणि पैसा दोन्ही ढवळतं.

आठवी पायरी: पास झाल्यावर

दोन्ही लेखी परीक्षा कोर्स सुरू व्हायच्या आधीच उरकलेल्या असाव्यात. त्या पीएसआय या कंपनीच्या परीक्षा केंद्रांवर होतात. आधी पोचण्याचा तो आठवडा यासाठीही वापरा. कोर्सच्या मधे लेखीचा अभ्यास म्हणजे झटपट कोर्सचे पैसे देऊन वाचनालयात बसणं.

इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेटवर आता मुदत छापत नाहीत. डिसेंबर २०२४पासून ती गेली. पण दर २४ महिन्यांत विद्यार्थ्यांना परीक्षेला पाठवून, रिफ्रेशर कोर्स करून किंवा एफएएला मान्य असलेल्या इतर मार्गानं आपण ताजे आहोत हे दाखवावं लागतंच. कोल्हापूरला परत येऊन डीजीसीएच्या वाटेला लागलात तर ही तारीख कॅलेंडरात लाल शाईनं लिहा, कारण इथल्या धावपळीत ती हमखास विसरते.

आणि अर्जात पत्ता टाकताना लक्ष द्या. अमेरिकेत स्वतःचा पत्ता नसेल आणि कोल्हापूरचा लिहिणार असाल, तर २०२५पासून एफएएला तिथला एक प्रतिनिधी नेमून द्यावा लागतो, ज्याच्याकडं ती नोटिसा पाठवू शकेल. तिथं राहणारा विश्वासातला प्रौढ नातेवाईक चालतो, पैसे घेऊन हे काम करणाऱ्या कंपन्याही आहेत. पोस्ट ऑफिसचा बॉक्स नंबर चालत नाही. न्यू जर्सीतल्या मामांना आधी विचारा, आणि कोर्सला निघायच्या आधीच त्यांचं नाव नोंदवून ठेवा.